टेम्परेचर सेन्सर बदलण्याआधी वायर तपासा

गाडीच्या डॅशबोर्डवरचा, इंजिनाचं तापमान दाखवणारा काटा हलत नाही म्हणून लगेच नवा सेन्सर आणू नका. जुन्या गाड्यांत बहुतेक एकाच वायरचा सेन्सर असतो. अर्थिंग त्याच्या आट्यांमधून मिळतं. इग्निशन चालू करून ती वायर काढा आणि क्षणभरच इंजिनाला टेकवा. काटा गरमकडे चढला तर मीटर आणि वायरिंग ठीक, दोष सेन्सरचा. पेट्रोलचा काटाही चुकत असेल तर व्होल्टेज स्टॅबिलायझर (दोन्ही काट्यांना स्थिर व्होल्टेज देणारा भाग) बघा, सेन्सर बिचारा निर्दोष असतो.

बदलताना इंजिन पूर्ण थंड हवं. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाहीच! पाणी सेन्सरच्या पातळीखाली येईल इतकंच काढा. पाना नीट बसणारा घ्या, पितळेचे कोपरे पटकन झिजतात. घट्ट असेल तर आदल्या रात्री गंजनाशक तेल सोडा. नवा सेन्सर आधी हातानेच फिरवा. हेड (इंजिनाचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं असेल तर वाकडे बसलेले आटे कायमचे जातात. टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली तर अर्थ तुटतो आणि नवा सेन्सरही मेल्यासारखा वागतो.

आट्यांसोबत सेन्सरचा रेझिस्टन्सही मीटरशी जुळायला हवा, नाहीतर काटा खोटं बोलतो. शेवटी पाणी भरून, हीटर उघडा ठेवून हवा काढा. सेन्सरभोवती हवा अडकली तर इंजिन तापूनही काटा खालीच राहतो.