शाळेला जमीन नाही, मग शेतीचा तास कुठे घ्यायचा?

प्रश्न : परभणी जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. यंदा नववीचा शेती विषयही माझ्या गळ्यात आला. शाळेला पटांगणाशिवाय जमीन नाही. आठवड्याला दोन तासिका, त्याही वेगवेगळ्या दिवशी. प्रात्यक्षिक म्हणून फळ्यावर नांगराची आकृती काढते, मुलं ती वहीत उतरवतात. माझी मलाच लाज वाटते. काय करू?

उत्तर : बाई, नांगर मीही काढलाय. एकदा मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, "सर, हा आता कुणाकडं असतो?" त्याच्या घरी भाड्याचा ट्रॅक्टर यायचा. त्या दिवशी आकृती पुसली ती पुसलीच.

जमिनीचं राहू द्या, आधी दोन गोणपाटं मिळवा. तुमचा मुलूख सोयाबीनचा. सोयाबीन स्वपरागीत, म्हणजे फुलाला स्वतःचाच पराग लागतो, त्यामुळे घरचं बियाणं पुन्हा पेरता येतं आणि लोक पेरतातही. फक्त ते उगवेल की नाही हे आधी बघावं लागतं. वार्षिक परीक्षा संपल्यापासून निकालापर्यंतचे दिवस शाळेत नुसते जातात, ते यासाठी वापरा. प्रत्येकानं घरून मूठभर सोयाबीन आणायचं. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरं ओलं गोणपाट घालून हलक्या हातानं गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाण्याचा हबका. सातव्या दिवशी उघडा आणि धड मूळ, धड कोंब आलेलेच दाणे मोजा. नुसता फुगलेला धरायचा नाही, तुटक्या मोडाचा धरायचा नाही. यावरून वर्गात भांडणं होतील. होऊ द्या, खरा अभ्यास तिथंच होतो.

शंभरात ७० उगवले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. साठच उगवले तर? तीसला सत्तरनं गुणा, साठनं भागा : ३५ किलो. त्रैराशिकाला तोंड वाकडं करणारी पोरंही हा हिशेब घरी जाऊन बापाला सांगतात.

पहिल्या वर्षी माझी फजिती झाली, तीही सांगतो. गोणपाट बादलीत बुचकळलं आणि तसंच निथळतं वापरलं. दाणे बुळबुळीत झाले, वास सुटला. उगवले ३८. एका मुलाच्या वडिलांनी हे ऐकून राखलेलं बियाणं मोंढ्यावर विकायला न्यायची तयारी केली. मी सायकलनं त्यांच्या घरी गेलो, चूक कबूल केली आणि गोणपाट पिळून घेऊन तेच बियाणं पुन्हा लावलं. ७६ उगवले. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, पाणी भसकन आत शिरलं की दाण्याला इजा होते. हे मी पोरांसोबतच शिकलो. म्हणून एकाच बियाण्याच्या तीन गुंडाळ्या करा, एकीवर विसंबू नका.

शाळा उघडली की पटांगणावर दोरीनं ३३ बाय ३३ फुटांचा चौकोन आखा. तो झाला एक गुंठा. सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी पट्टीनं मोजायचं काम शाळेजवळ राहणाऱ्या मुलाला द्या. हवामान खात्याचीही वेळ तीच. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे त्या चौकोनावर सुमारे १०० लिटर पाणी. पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा असं आपण म्हणतो, त्याच्या घागरी किती होतात ते मुलांनाच काढू द्या.

मग ऑगस्टमध्ये कुणाच्याही बांधावर जा. सोयाबीनचं एक झाड खुरप्यानं मातीसकट उचला, उपटू नका, उपटलं की गाठी जमिनीतच राहतात. मुळं पाण्यात धुवा. मुळांवरची एक टपोरी गाठ ब्लेडनं कापा, ब्लेड तुमच्याच हातात असू द्या. आत गुलाबी, तांबूस दिसली तर हवेतला नत्र धरण्याचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट दिसली तर नाही. रायझोबियमचा, म्हणजे या गाठींतल्या जिवाणूंचा, धडा त्यानंतर वाचायला घ्या, आधी नको.

तासिकांचं म्हणाल तर मुख्याध्यापकांना गाठून दोन्ही जोडून मागा. डॉ. कलबागांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम ही हातानं काम करत शिकवणारी संस्था काढली. तिथून शाळांमध्ये गेलेल्या कामातून शिकण्याच्या अभ्यासक्रमाला आठवड्यातला एक अख्खा दिवस असतो. पस्तीस मिनिटांत हातसुद्धा धुऊन होत नाहीत.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. शाळेत तिला शेणखत उचलायला लावलं. आम्ही तिला शेतीतून बाहेर काढायला शिकवतोय. हे बरोबर आहे का?

उत्तर : तिची वही बघा, भाऊ. किती पाट्या, किती जागेवर, कशासाठी, असं काही लिहिलं असेल तर तो अभ्यास. काहीच नसेल तर ती वेठबिगारी, मुख्याध्यापकांना खुशाल जाब विचारा. फवारणीचा पंप मात्र कुठल्याही मुलाच्या पाठीवर चढता कामा नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, ते आपण पाहिलंय. औषधाच्या लेबलावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, हे ओळखायला शाळेनं जरूर शिकवावं. लाल सगळ्यात जहाल. पण तेही चित्रावरून, रिकाम्या बाटल्या वर्गात आणून नव्हे.

प्रश्न : प्रयोगवह्या तपासताना सगळ्यांचे आकडे सारखेच येतात. गुण कसे द्यायचे?

उत्तर : सारखे आले म्हणजे एकानं मोजलं, बाकीच्यांनी उतरवलं. गोणपाटाची एकेक ओळ एकेकाच्या नावावर करा. शंभरातले ९५ उगवले असं लिहिणाऱ्याला जरा खोदून विचारा. माझ्याकडे एका पोरानं लिहिलं होतं, "सातवा दिवस. चार दाणे उंदरानं नेले, म्हणून ९६ पैकी ६१." अक्षर कोंबडीच्या पायाचं होतं. दहापैकी दहा दिले.