गोळी किती कडक हवी?

घरी बंदुकीसाठी शिशाच्या गोळ्या ओतणाऱ्या अमेरिकेतल्या वाचकांच्या बहुतेक प्रश्नांचा सूर एकच असतो: गोळी आणखी कडक कशी करू? माझा उलट प्रश्न: कशाला?

प्रश्न (ओहायो): माझं .३८ स्पेशलचं रिव्हॉल्व्हर आहे. छापखान्यातल्या लायनोटाइप धातूचे जुने ठोकळे मिळाले, ते वितळवून गोळ्या ओतल्या. इतक्या कडक असूनही नळीत शिसं बसतंय. आता काय मिसळू?

मिसळायचंच असेल तर मऊ शिसं मिसळा. लायनोटाइप म्हणजे साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील. ब्रिनेल मापावर त्याचा कडकपणा २२ च्या आसपास जातो. शुद्ध शिशाचा असतो ५. छापखान्यात अक्षराची धार टिकायला तो कडकपणा कामाचा होता. तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तोच आडवा येतोय.

बार उडाला की मागच्या दाबाने गोळीचं बूड किंचित फुगतं आणि नळीतल्या खाचा बंद करतं. दाब कमी आणि गोळी कडक असली तर बूड फुगतच नाही. मग तापलेला वायू फटीतून पुढे निसटतो, जाताना गोळीची कड कापतो आणि तेच शिसं नळीला चिकटतं. ढोबळ हिशेब असा: ब्रिनेल अंक गुणिले १४२२, म्हणजे गोळी दबू लागायला दर चौरस इंचाला किती पौंड दाब लागेल त्याचा अंदाज. २२ ला हे उत्तर ३१,००० च्या वर जातं. .३८ स्पेशल काडतुसाच्या दाबाची कमाल मर्यादाच १७,००० आहे, आणि निशाण्याच्या सरावासाठी भरलेल्या काडतुसांचा दाब त्याहूनही कमी. एक भाग लायनोटाइप आणि तीन भाग शुद्ध शिसं घ्या. अँटिमनी ३ टक्के आणि कथील १ टक्का राहील, कडकपणा १० च्या आसपास येईल. तेवढा पुष्कळ झाला.

पण मिश्रणाला हात लावण्याआधी मापं घ्या. मऊ शिशाचा तुकडा रिकाम्या नळीतून रेटून बाहेर काढा आणि मायक्रोमीटरने मोजा. गोळी त्याहून इंचाचा एक हजारावा भाग जाड हवी. सिलिंडरच्या कप्प्यांची पुढची तोंडं नळीच्या मापाहून अरुंद असतील तर गोळी तिथेच बारीक होऊन निघते, मग कुठलंही मिश्रण उपयोगाचं नाही. कडकपणाच्या नावाने खपवल्या जाणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच मुळात मापाच्या असतात, हे माझं ठाम मत आहे.

प्रश्न (टेक्सास): व्हील वेटच्या (मोटारीच्या चाकावरच्या वजनांच्या) गोळ्या साच्यातून थेट पाण्यात टाकतो. त्याच दिवशी मोजल्या तर एक आकडा येतो, आठवड्याने भलताच. मापक बिघडलंय का?

मापक ठीक आहे, गोळ्या अजून बदलताहेत. चाकाला क्लिपने बसणाऱ्या जुन्या वजनांत अँटिमनीबरोबर आर्सेनिकचा अंशही असतो. गरम गोळी एकदम थंड झाली की अँटिमनी शिशात अडकून राहते, पुढे सूक्ष्म कणांच्या रूपाने हळूहळू बाहेर पडते आणि धातू कडक होत जातो. आर्सेनिक या क्रियेला जोर देतं. त्यामुळे हवेत थंड झाली तर १० ते १२ वर राहणारी गोळी पाण्यात टाकल्यावर २० च्या घरात पोहोचू शकते. निवळ शिसं आणि कथील यांच्या मिश्रणावर मात्र पाण्याचा काही परिणाम होत नाही; तिथे अँटिमनीच नाही.

मोजायची घाई करू नका, दोन आठवडे थांबा. आकार द्यायच्या साच्यातून गोळी दाबून काढायची असेल तर ती लगेच काढा. कडक झाल्यावर दाबली तर पृष्ठभाग पुन्हा मऊ पडतो. आणि पाण्याची बादली वितळलेल्या धातूपासून लांब, खालच्या पातळीवर ठेवा. भांड्यात एक थेंब गेला तरी त्याची वाफ होऊन शिसं उसळतं.

प्रश्न (न्यू जर्सी): मापक विकत न घेता कडकपणा कळेल का?

कळेल, चित्रकलेच्या पेन्सिलींनी. पेन्सिलीचं टोक सपाट घासून गोळीवर टेकवा आणि पुढे रेटा. जी पेन्सिल घसरण्याऐवजी धातू खरवडते तिच्या आसपास तुमचा कडकपणा. शुद्ध शिसं ६बी ने खरवडतं, लायनोटाइपला एच लागते. अचूक आकडा मिळत नाही, पण दोन घाण्यांमधला फरक नक्की कळतो, आणि घरी तेवढंच लागतं.

प्रश्न (कॅलिफोर्निया): भंगारात आता जस्ताचीच वजनं जास्त मिळतात. ती मिसळली तर?

नका मिसळू. तुमच्या राज्यात २०१० पासून शिशाच्या वजनांवर बंदी आहे, त्यामुळे हे वाढतच जाणार. जस्त मिसळलं की धातू साच्यात नीट भरत नाही, गोळ्यांच्या कडा गोल येतात. जस्त ४१९ अंश सेल्सियसला वितळतं. भंगार वितळवताना ३५० च्या आसपास राहिलात तर ती वजनं वर तरंगतील, झाऱ्याने काढून टाका. मोटारीच्या बॅटरीचं शिसं तर घरात आणूच नका; ते वितळवताना वर जमणाऱ्या मळीतून आर्सिनसारखे विषारी वायू सुटू शकतात. शिवाय १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, म्हणजे तुमचा सगळा उद्योग निशाणेबाजीपुरताच.

प्रश्न (पेनसिल्व्हेनिया): फ्लिंटलॉकसाठी, म्हणजे चकमकीच्या जुन्या पद्धतीच्या बंदुकीसाठी, गोल गोळ्या ओततो. त्यात कथील किती घालू?

अजिबात नको. शुद्ध शिसंच वापरा. गोळीभोवती कापड असतं, ती तोंडाकडून गजाने ठोकून आत बसवायची असते, आणि कडक गोळी तिथेच त्रास देते.

प्रश्न (इलिनॉय): घरात दोन वर्षांची मुलगी आहे. तळघरात ओतलं तर चालेल?

नाही. ओतकामाच्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते; खरा धोका मळीच्या भुकटीचा. ती कपड्यांवरून, बुटांवरून आणि हातांवरून घरभर जाते आणि रांगत्या-खेळत्या मुलाच्या तोंडात पोहोचते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाचा दखलपात्र आकडा डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणला, आणि त्याखाली सगळं सुरक्षित असाही त्याचा अर्थ नाही. वेगळ्या शेडमध्ये ओता, कपडे आणि बूट तिथेच ठेवा, मळी झाकणबंद डब्यात भरा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. मुलीची आणि तुमची स्वतःची रक्ततपासणी डॉक्टरांना सांगून करून घ्या. हे जमणार नसेल तर ती मोठी होईपर्यंत तयार गोळ्या विकत घ्या.

प्रश्न (सातारा): माझ्याकडे बंदुकीचा परवाना आहे. इथे गोळ्या ओतू शकतो का?

शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे दारूगोळा बनवण्याचा परवाना नव्हे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे त्यासाठी वेगळा परवाना लागतो. तो नसेल तर भट्टी पेटवू नका; वरची उत्तरं तुमच्यासाठी नुसती वाचायची.