वाचक विचारतात: चॉकलेटच्या गावातली अस्वलं

मागच्या अंकात बर्फाच्या मैदानावर प्रेक्षकांनी फेकलेल्या टेडी बेअरच्या ढिगाचा फोटो छापला होता. संघ होता अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला आइस हॉकीचा, हर्शी बेअर्स. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

मुलगी रोलर स्केटिंग करते. तिला शाळेत या संघाचा इतिहास सांगायचा आहे. पण हा संघ एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या आइस हॉकी लीगमध्ये) नाही म्हणे. मग तो आहे कुठे? (नेरूळ)

तो अमेरिकन हॉकी लीगमध्ये आहे, म्हणजे एनएचएलच्या बरोबर खालच्या पायरीवर. या लीगमध्ये 32 संघ आहेत आणि प्रत्येक संघ एनएचएलच्या एकेका संघाशी करारानं जोडलेला असतो. वरच्या संघात कोणी जखमी झाला की खालचा खेळाडू बोलावला जातो, कधी सामन्याच्या आदल्या दिवशी. सध्या बेअर्स वॉशिंग्टन कॅपिटल्सशी जोडलेले आहेत, 2005 पासून.

मुलीला एक सांगा: अशा संघाचा इतिहास खेळाडूंवरून लिहायला घेतला की धागा तुटतो. चांगला खेळाडू वर जातो, करार बदलला की जवळजवळ अख्खा संघ बदलतो. बेअर्स 1977 ते 84 वॉशिंग्टनकडे, मग 1996 पर्यंत फिलाडेल्फिया फ्लायर्सकडे, त्यानंतर 2005 पर्यंत कोलोरॅडो अ‍ॅव्हलांशकडे होते. इतक्या बदलांत जे टिकलं ते नाव, गाव आणि मालक. मालकी आजही हर्शीच्याच करमणूक कंपनीकडे आहे. तेव्हा तक्त्यात पहिला रकाना गावाचा आणि क्रीडागृहाचा ठेवा, खेळाडूंचा शेवटी.

'बेअर्स' हे नाव चॉकलेटच्या 'बार'वरून आलं, हे खरं का? (कोपरी, ठाणे)

खरं आहे. सिडकोनं नवी मुंबई आखली तसं हर्शी हे गाव मिल्टन हर्शी यांनी 1903 पासून आपल्या चॉकलेटच्या कारखान्याभोवती वसवलं. (कागदोपत्री हर्शी नावाची नगरपालिका आजही नाही, तो डेरी टाउनशिपचा भाग आहे.) 1930च्या दशकात तिथला हॉकी संघ 'बार्स' म्हणून खेळायचा. ही उघड जाहिरात आहे अशी कुरकुर झाली आणि 1936 मध्ये एका अक्षराच्या फरकानं 'बेअर्स' आले. जाहिरात गेली, उच्चार जवळपास तोच राहिला. आम्हाला ही तडजोड फार आवडते.

त्याच वर्षी नवं क्रीडागृह उभं राहिलं. अँटन टेडेस्को या अभियंत्याचं काँक्रीटचं पातळ कमानी छप्पर, आत एकही खांब नाही. 1938 मध्ये संघ आजच्या लीगमध्ये आला, तेव्हा तिचं नाव इंटरनॅशनल-अमेरिकन हॉकी लीग होतं. तेव्हापासून एकही मोसम खंड नाही. बास्केटबॉलवाल्यांनाही ही वास्तू ठाऊक असते: 2 मार्च 1962 रोजी विल्ट चेंबरलेननं एका सामन्यात 100 गुण केले ते इथेच. 2002 मध्ये बेअर्स शेजारच्या जायंट सेंटरमध्ये गेले. 'जायंट' म्हणजे राक्षस वगैरे काही नाही, किराणा दुकानांच्या साखळीचं नाव आहे.

चषक किती? वेगवेगळ्या याद्यांत वर्षं एका वर्षानं पुढेमागे दिसतात. (ऐरोली)

मोसम ऑक्टोबरला सुरू होऊन वसंतात, कधी जूनमध्ये संपतो. म्हणून 2022-23 च्या मोसमाचा चषक 2023 चा. कोणी मोसमाचं पहिलं वर्ष धरलं की यादी एकानं मागे सरकते. कॅल्डर चषकाची, म्हणजे या लीगच्या विजेतेपदाची, बरोबर वर्षं अशी: 1947, 1958, 1959, 1969, 1974, 1980, 1988, 1997, 2006, 2009, 2010, 2023, 2024. एकूण 13, लीगमध्ये सर्वाधिक. त्याखालोखाल क्लीव्हलँड बॅरन्सचे 9.

दोन वर्षं वेगळी नोंदवण्यासारखी. 1988 मध्ये बाद फेरीचे बाराच्या बारा सामने जिंकले. 2010 मध्ये अंतिम मालिकेचे पहिले दोन सामने घरच्या मैदानावर हरून पुढचे चार ओळीनं जिंकले.

गुणतक्त्यात 53-14-0-5 असे चार आकडे का? (कळवा)

विजय, नियमित वेळेतली हार, जादा वेळेतली हार, शूटआउटमधली (जादा वेळेनंतरही बरोबरी असेल तर एकेका खेळाडूनं गोलरक्षकासमोर मारायच्या फटक्यांतली) हार. विजयाला 2 गुण, शेवटच्या दोन प्रकारच्या हारीला 1. म्हणून 53×2 आणि वर 5, एकूण 111. ही बेअर्सची 2023-24 ची नोंद. चारही आकड्यांची बेरीज 72 आली पाहिजे, कारण तेवढेच सामने असतात. जुन्या मोसमांत मात्र हा हिशोब लावू नका, तेव्हा बरोबरीचा रकाना असे आणि सामन्यांची संख्याही वेगळी.

घोडबंदर रोडच्या एखाद्या बंद शेडमध्ये असा रिंक (बर्फाचं मैदान) होईल का? (मानपाडा)

होईल, पण खरा शत्रू उकाडा नसून दमट हवा. मैदान 200 बाय 85 फूट. अडीच सेंटिमीटर बर्फाला साधारण 40 हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजारी चार टँकर. ते एकदम ओतायचं नाही. काँक्रीटखालच्या नळ्यांतून शून्याखाली थंड केलेलं खारं पाणी फिरवायचं आणि वर पाण्याचे पातळ फवारे थरावर थर गोठवत जायचे. मधल्या थरावर पांढरा रंग आणि रेषा. जाड थर ओतला तर तो असमान गोठतो, तडे जातात. बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरलं तर बर्फ गढूळ आणि मऊ होतो.

पावसाळ्यात बाहेरची हवा आत आली की बर्फावर धुकं साचतं, पृष्ठभागावर दव गोठून खरखरीत थर बसतो आणि पक (हॉकीची रबरी चकती) अडखळतो. छताची उष्णता बर्फ ओढून घेतो, छत गार पडतं, त्यावर वाफ जमून थेंब गळतात आणि बर्फावर टेंगळं उठतात. म्हणून आर्द्रता शोषणारी यंत्रं आणि दुहेरी दारं शीतयंत्राइतकीच जरुरीची. पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये पैसे घालू नका.

ती खेळणी नेमकी कधी फेकतात? सामना इथून कधी दिसेल? (घणसोली)

खेळणी फेकण्यासाठी ठरवलेल्या सामन्यात बेअर्सचा पहिला गोल झाला की. जानेवारी 2025 मध्ये 1,02,343 खेळणी जमली, ती धर्मादाय संस्थांना दिली जातात. बर्फावर धागा किंवा कापूस राहिला तर स्केटच्या पात्याला अडकतो, म्हणून गोळा झाल्यावर मैदान नीट साफ करूनच खेळ पुढे चालू होतो. तिथल्या संध्याकाळी 7 चा सामना हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे 5.30 ला, मार्चमध्ये त्यांची घड्याळं तासभर पुढे गेली की 4.30 ला.