देवनारच्या संस्थेत काय मिळते आणि उपकेंद्रात काय विचारावे

शहाद्याहून विचारलेल्या तुमच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. पहिला असा की एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी नंदुरबार जिल्ह्यातील कुटुंब नियोजनाची आकडेवारी हवी असेल, तर मुंबईच्या ‘राष्ट्रीय लोकसंख्या केंद्रात’ जावे लागेल का. दुसरा असा की पाळणा लांबवण्याच्या उपायांची माहिती तुमच्या वहिनींना हवी आहे, ती त्याच ठिकाणी मिळेल का. मी अमळनेरकडील एका महाविद्यालयात भूगोल शिकवून निवृत्त झालो आहे आणि माझी आई यावल तालुक्यातील एका उपकेंद्रात नर्सबाई होती. त्यामुळे हा विषय मी आधी आईच्या पिशवीतील नोंदवहीत पाहिला आणि पुष्कळ नंतर ग्रंथालयात वाचला.

तुम्ही ज्या संस्थेबद्दल विचारता तिचे नाव आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था असे आहे. गोवंडी स्थानकाजवळ, देवनारला ती आहे. भारत सरकार, संयुक्त राष्ट्रसंघ आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने १९५६ मध्ये लोकसंख्याविषयक प्रशिक्षण व संशोधनाचे केंद्र म्हणून ती सुरू झाली, १९७० मध्ये तिचे नाव बदलले आणि १९८५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ती केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. दिल्लीत मुनिरका भागात १९७७ साली स्थापन झालेली राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था ही वेगळी. तिचा भर आरोग्यसेवेतील अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर आहे. नावांच्या सारखेपणामुळे या दोहोंची गल्लत नेहमी होते. देवनारची संस्था मोजणी करते, अभ्यास करते आणि शिकवते. तिथे दवाखाना नाही, त्यामुळे तुमच्या वहिनींचा प्रश्न तिथे सुटणार नाही. त्याकडे मी शेवटी येतो.

तुमच्या कामाचा भाग म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. १९९२-९३ मधील पहिल्या फेरीपासून त्याची सूत्रे याच संस्थेकडे आहेत. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशभरातील ६,३६,६९९ घरांची पाहणी झाली आणि त्यांतील ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. महाराष्ट्रातील काम २०१९ च्या उत्तरार्धात उरकले होते. आधी गाव किंवा वस्ती निवडतात, तिथल्या सर्व घरांची यादी करतात आणि त्या यादीतून साधारण बावीस घरे ठरवतात. ठरलेल्या घराला कुलूप असेल तर पुन्हा पुन्हा जावे लागते. शेजारचे घर बदली म्हणून घेता येत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल, म्हणून नंदुरबारचा कोणताही आकडा वाचताना त्या वेळी कोण घरी होते, हा प्रश्न मनात ठेवावा.

आकड्यांपेक्षाही मला त्या प्रश्नावलीतील प्रश्नांची रचना अधिक शिकवून गेली. एखाद्या स्त्रीला ‘तुम्हाला मुले किती’ असे सरळ विचारले जात नाही. तुमच्याजवळ राहणारे मुलगे किती, जवळ राहणाऱ्या मुली किती, दुसरीकडे राहणारे मुलगे आणि मुली किती, आणि जिवंत जन्मून नंतर गेलेले किती, असे तुकडे पाडून विचारतात आणि मग बेरीज तिला वाचून दाखवतात. याचे कारण आपल्या खानदेशात चटकन समजते. अहिराणीत ‘कितला पोऱ्या शेतस’ (पोरे किती आहेत) असे विचारले तर समोरची बाई फक्त मुलगे मोजते आणि पोरी उत्तरातून गळतात. सासरी गेलेली मुलगी आता आपल्या घरची नाही म्हणून सुटते, आणि सहा दिवसांत गेलेल्या बाळाचे नाव तर कोणी काढतच नाही. आई नोंदवही भरायची तेव्हा ती हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवत असे. ती विचारायची, ‘आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) माहेरी कोण कोण येतं?’ लग्न झालेल्या मुली त्या उत्तरात आपोआप मोजल्या जायच्या. कोणत्याही संस्थेने तिला हे शिकवलेले नव्हते.

आता काय मिळते ते सांगतो. प्रत्येक जिल्ह्याचे तथ्यपत्रक (फॅक्ट शीट) सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते आणि त्यात नंदुरबार, धुळे, जळगाव असे तिन्ही जिल्हे स्वतंत्र आहेत. कोणती जोडपी कोणते साधन वापरतात, किती जणींची गरज अपूर्ण आहे (म्हणजे मूल नको किंवा इतक्यात नको असूनही त्या कोणतेच साधन वापरत नाहीत), किती जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले, हे त्यात सापडेल. एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी किती मुले होतात तो आकडा, मात्र त्या पत्रकात शोधू नका. तो राज्यासाठी काढलेला आहे. पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा १.७ आणि देशाचा २.० आला. पुरुषांच्या मुलाखतीही निवडक घरांतच होतात, म्हणून त्यांची मते जिल्हानिहाय मिळत नाहीत. अनेक विद्यार्थी राज्याचा आकडा जिल्ह्याच्या मथळ्याखाली लिहून मोकळे होतात आणि परीक्षकाच्या ते लक्षात येतेच. तुलनेसाठी २०१५-१६ च्या चौथ्या फेरीचे पत्रकही घ्या. त्याहून मागे जायचे असेल तर त्याच संस्थेच्या जिल्हा स्तरावरील जुन्या सर्वेक्षणांपर्यंत जावे लागेल, आणि १९९८ पूर्वी नंदुरबार हा वेगळा जिल्हाच नव्हता, तो धुळ्यात होता, हे विसरू नका.

प्रत्यक्ष जायचेच असेल तर ग्रंथालयासाठी जा. मी प्राचार्यांचे पत्र घेऊन गेलो होतो आणि जनगणनेचे जुने खंड चाळण्यात माझे दोन दिवस गेले. प्रवास परवडत नसेल तर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतही एक लोकसंख्या संशोधन केंद्र आहे. अशी केंद्रे देशात अठरा आहेत.

लघुप्रबंधासाठी एक विषय सुचवतो, कारण आपल्याकडे त्यावर कमी लिहिले गेले आहे असे मला वाटते. पाचव्या फेरीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी स्वतः नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. नवऱ्याची नसबंदी झालेली जोडपी होती ०.३ टक्के. वास्तविक पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते आणि त्यात पोट उघडावे लागत नाही. १९९६ च्या एप्रिलपर्यंत नर्सबाईंना कुटुंब नियोजनाच्या केसेसचे लक्ष्य दिले जायचे, आणि मार्चअखेर जवळ आली की आई संध्याकाळी उशिरापर्यंत वस्त्यांवर फिरत असे. तिच्या वहीत पुरुषांच्या रकान्यात वर्षाला एखाददुसरे नाव असायचे. लक्ष्य गेले, तरी रकान्याची स्थिती फारशी बदललेली दिसत नाही. कापूस वेचायला बाईने जायचे आणि ऑपरेशनच्या कॅम्पलाही तिनेच, ही वाटणी कोणत्या कारणांनी टिकून आहे, हे घरोघरी विचारून लिहिण्यासारखे आहे.

आता तुमच्या वहिनींबद्दल. त्यांनी गावच्या आशाताईंना किंवा उपकेंद्रातील सिस्टरांना भेटावे. निरोध, माला-एन गोळ्या, तांबी, दर तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळी ही साधने सरकारी व्यवस्थेत मोफत आहेत. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची असते. माला-एनप्रमाणे ती रोजची नाही, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. तांबी पाच वर्षांची व दहा वर्षांची अशी दोन प्रकारची असते, तेव्हा बसवताना कोणती बसवली हे कार्डावर लिहून घ्यावे. बाळ अंगावर पीत असेल तर ते आधी सांगावे, कारण माला-एनसारखी गोळी पहिले सहा महिने देत नाहीत. आणि दादांना नसबंदीचा विचार करायचा असेल, तर शस्त्रक्रियेनंतर तीन महिने निरोध वापरून मग वीर्यतपासणी करून घ्यावी लागते, एवढे त्यांना आजच सांगून ठेवा; या मधल्या काळात राहिलेल्या गर्भाचा दोष बायकोवर गेल्याची प्रकरणे आईने मिटवलेली मला आठवतात.