सावकाश चालणारा पुढे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुमचा दिवाळीचा बेत वाचला. खिरेश्वर गावाकडून हरिश्चंद्रगड चढायचा, रात्र वर काढायची, दुसऱ्या दिवशी पाचनईला उतरून रतनवाडी गाठायची, तिसऱ्या दिवशी रतनगड आणि जमलंच तर चौथ्या दिवशी कळसूबाई. हा सगळा बेत तुझ्या पायांच्या मापानं आखलेला आहे. कॉलेजपासून तू डोंगरात आहेस, तुला तो झेपेलही. पण तुझा नवरा आजवर सिंहगडाच्या पलीकडे गेलेला नाही, हे तूच लिहिलंयस, आणि तेही एका ओळीत उरकून टाकलंयस. मला मात्र त्या एकाच ओळीवर बोलायचंय.

आमच्या घरीही जोरात चालणारी मीच होते. लग्नानंतर दोन वर्षांनी, जुलैत, आम्ही दोघंच हरिश्चंद्रगडाला निघालो. माळशेज घाटाच्या अलीकडे खुबी फाट्यावर एसटीतून उतरलो आणि धरणाच्या भिंतीवरून चालत खिरेश्वरला पोचलो. तोलार खिंडीत आलो तेव्हा पाऊस आडवा लागला होता. तिथे वाघाचं एक शिल्प आहे, त्याच्याशेजारी टेकून नवरा म्हणाला, "आज फिरू या का मागे?" मी म्हणाले, "आता काय, खिंड तर झाली." त्यानं पुन्हा विचारलं नाही. खिंडीच्या वरच्या कातळटप्प्यावर त्याचा पाय सटकला. चार-पाच फूटच घसरला असेल, पण गुडघा दगडावर आपटला. त्यापुढची पठारावरची वाट तुला माहीत आहेच. एक टेकाड संपलं की दुसरं, मध्ये कारवीचं रान, आणि धुक्यात सगळ्या पायवाटा सारख्याच दिसतात. दीड तासाच्या वाटेला आम्हाला चार तास लागले. देवळाजवळच्या गुहेत पोचलो तेव्हा त्याची विजार गुडघ्यावर घट्ट बसली होती, एवढी सूज. रात्रभर मी ओला पंचा त्याच्या गुडघ्यावर ठेवत होते. तो एका शब्दानंही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मला अजून आठवतं. सकाळी गुरं घेऊन आलेल्या पाचनईच्या एका काकांनी त्याला खांद्याचा आधार देत खाली उतरवलं. उतरायला पाच तास लागले.

त्यानंतर आमच्यात एक नियम ठरला. दोघांपैकी कोणीही, कुठेही "फिरू" म्हणालं की फिरायचं. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही, घरी आल्यावर टोमणा मारायचा नाही. हा नियम चढाई सुरू करायच्या आधी, घरी चहा पिताना ठरवा. डोंगरात ठरवायला गेलात तर दमलेला माणूस लाजतो. त्यातून तो नवखा, तू मुरलेली. त्याला भीती वाटली तरी तो ती तुझ्यासमोर कबूल करणार नाही. म्हणून पहिल्यांदा "फिरू" तू म्हण. एखाद्या साध्या ठिकाणी, ऊन वाढलंय म्हणून, किंवा वाटेची खात्री नाही म्हणून. तू म्हणालीस की त्यालाही म्हणता येईल. आम्ही कुलंगगडाच्या अर्ध्या चढावरून एकदा असे परतलो आहोत. तिथे फिरू म्हणणारी मी होते. तो लगेच वळला आणि गावात येऊन आम्ही शांतपणे पिठलं-भाकरी खाल्ली.

दुसरं, सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेव. तू पुढे गेलीस तर काय होतं सांगते. तू वळणावर थांबतेस, पाच मिनिटं दम खातेस, पाणी पितेस. तो धापा टाकत येतो आणि तो आला की तू उठतेस. म्हणजे जो कमी दमलाय त्याला विश्रांती मिळते, जो जास्त दमलाय त्याला मिळतच नाही. हेच दर वळणावर होत गेलं की दुपारपर्यंत त्याचे पाय गळतात, आणि पाय गळाले की उतरणीवर घसरगुंडी होते. तो पुढे असला की गती त्याची राहते आणि त्याचं पाऊल कुठे पडतंय ते तुला मागून दिसतं. सुरुवातीचा अर्धा तास तुला जड जाईल. जाऊ दे.

तिसरी गोष्ट जरा गंभीर आहे, नीट वाच. गटात एकाला लागलं तर एक जण त्याच्यापाशी बसतो आणि दुसरा गावात जातो. दोघांच्या जोडीत हे होत नाही. मदत आणायची तर जखमी माणसाला एकटं सोडावं लागतं. म्हणून या पहिल्या फेरीला गावातला वाटाड्या घ्या. तू म्हणशील, मला वाट येते. येत असेल, पण तुम्हाला तिसरं माणूस हवंय. त्याच्या दिवसाच्या मजुरीत घासाघीस करू नकोस. आणि कुठून चढणार, कुठे उतरणार, किती वाजेपर्यंत फोन करणार, हे घरी एका माणसाला लिहून दे. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक आणि १०८ दोघांच्याही फोनमध्ये हवेत, आणि फोन विमान मोडवर ठेवा म्हणजे बॅटरी टिकेल.

सामानाची वाटणी संसारासारखी करू नका. एकाच्या पाठीवर सगळं पाणी आणि दुसऱ्याच्या सगळं खाणं, असं बहुतेक जोडपी करतात. दोघांची चुकामूक झाली तर एक उपाशी आणि एक तहानलेला. टॉर्च, शिट्टी, दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, एक गरम कपडा, हे प्रत्येकाच्या पाठीवर स्वतंत्र असू दे. तंबू आणि भांडी हवी तर तू जास्त घे. आणि हो, कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी दोघांनी काहीतरी खा. आमची डोंगरातली निम्मी भांडणं भुकेची होती. गुळाचा खडा तोंडात विरघळेपर्यंत विषयच बदलायचा.

आता तुझा मार्ग. खिरेश्वरचा चढ चार-पाच तासांचा, आणि वर पठारावर चकवा. कातळटप्प्यावर आता आधाराला लोखंडी कठडे आहेत, तरी पहिल्या खेपेला नकोच. पाचनईनं जा. दोन-अडीच तासांत देवळापाशी पोचता, वाट ओढ्याच्या बाजूनं आणि बरीचशी सावलीची. उतरायचंही तिथूनच. दुपारचं जेवण पाचनईतच एखाद्या घरी आधी सांगून ठेव. रतनगड दुसऱ्या दिवशी लगेच नको, मध्ये एक दिवस रतनवाडीत काढा. अमृतेश्वराच्या देवळातलं कोरीवकाम बघायला एक सकाळ लागते, आणि भंडारदऱ्याचं पाणी तिथपर्यंत आलेलं असतं. मग रतनगड. शिड्या चढताना दोघांत अंतर ठेवा. वर नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात, वारा इतका असतो की बोललेलं ऐकू येत नाही, तिथे त्याला जरा वेळ एकट्याला बसू दे. कळसूबाई या वेळी राहू दे. १,६४६ मीटरचं ते शिखर कुठे जात नाही. अलंग-मदन या गडांचं तर नावही काढू नकोस, ते दोराचं काम आहे, आणि हरिश्चंद्रगडावर घळीतून चढणाऱ्या नळीच्या वाटेचंही नको.

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत त्याला जरूर ने. थंडगार पाण्याच्या मधोमध पिंडी, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. पाण्यात उतरायचं तर कंबरेपर्यंत भिजायची तयारी ठेवा.

गडाच्या कोकणकड्यावर वाकून बघायला उभे राहू नका, पोटावर झोपून पुढे सरका. कडा आत वळलेला आहे, कडेच्या दगडाखाली काय आहे ते वरून कळत नाही. शेकोटी नको आणि अत्तर नको, आग्या मोहोळं असतात. सूर्यास्त बघायला सगळेच जातात, तुम्ही सकाळीही जा. आठ-नऊच्या सुमाराला सूर्य पाठीशी येतो, आणि खाली दरीत धुकं असेल तर इंद्रवज्र दिसण्याची शक्यता असते, म्हणजे धुक्यावर पडलेलं गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मध्यात आपली सावली. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं ते इथूनच पाहिल्याची नोंद आहे. दिवाळीत धुकं मिळेलच असं नाही. आम्ही गुडघ्याच्या त्या प्रसंगानंतर सहा वर्षं जात राहिलो, तेव्हा एका सप्टेंबरात दिसलं. आम्ही खांद्याला खांदा लावून उभे होतो. मी म्हणाले, बघ, माझ्या डोक्याभोवती कडं आहे. तो म्हणाला, नाही, माझ्या. मी त्याचा हात धरून हलवला. धुक्यावरच्या दोन्ही सावल्यांचे हात हलले, पण कडं मला माझ्याच डोक्याभोवती दिसत होतं आणि तो त्याच्याच डोक्याभोवती म्हणत होता. दोघांचंही खरं होतं, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. पाण्याच्या बारीक थेंबांवरून प्रकाश ज्या दिशेनं आला त्याच दिशेनं मागे फिरतो, त्यामुळे प्रत्येकाला आपल्याच डोळ्यांच्या समोरचं कडं दिसतं. शेजारच्याचं दिसत नाही. त्याला काय दिसतंय ते त्यालाच विचारावं लागतं.

पाचनईला उतरलात की फोन कर. तिथे रेंज मिळाली नाही तर राजूरला पोचल्यावर कर, मी संध्याकाळी सातपर्यंत वाट बघेन. आणि त्याचे बूट आत्ताच घ्या, निघायच्या आधी पंधरा दिवस तरी त्यानं ते रोज पायात घालायला हवेत.

तुझी,
काकू