नाईलवरच्या बोटीत खोली घेताना

भाऊ, खोली निवडताना आपल्या टिनाच्या घराचं गणित लावा. सगळ्यात वरच्या मजल्याच्या डोक्यावर उघडा डेक असतो. तो दिवसभर ऊन पितो, अन् खुर्च्या ओढल्याचा खरखराट वेगळाच. अगदी खाली पाण्यालगत खिडकी लहान, मागच्या टोकाला इंजिनाची घरघर. मधला मजला, मधली खोली घ्या.

आता बाजू. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. इजिप्तमधल्या लक्सर शहराहून वरच्या अंगाच्या अस्वान शहराला जाताना बोट दक्षिणेला तोंड करून चालते, म्हणजे उजवा हात पश्चिमेला. दुपारचं ऊन त्याच काचेवर! मी उजवी घेतली होती. चार वाजता काचेला हात लावला तर तवा. तुम्ही डावी मागा. अस्वानहून लक्सरला येणार असाल तर उलट. मे मात्र टाळाच, जानेवारी बघा. मे महिना आपल्याला चंद्रपुरात फुकट मिळते.

बाल्कनीचे जास्तीचे पैसे मी तरी देणार नाही. धक्क्यावर बोटी एकमेकींना खेटून लावतात. दार उघडलं की समोर शेजारच्या बोटीची खिडकी अन् डिझेलचा वास. आणि हो, कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. हे वहिनींना आधीच सांगून ठेवा.