जब्बार पटेल एकच की चार-पाच? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो की 'जैत रे जैत' आणि 'सिंहासन' हे सिनेमे एकाच माणसाने, म्हणजे दिग्दर्शक जब्बार पटेलांनी, केलेत हे आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना पटतच नाही. झालं, पत्रं आली, मेसेज आले, आणि एका काकांनी तर सीताबर्डीवर चहा पिताना गाठून अर्धा तास घेतला, चहाचे पैसे मात्र त्यांनीच दिले हे मान्य करतो. सगळ्यांचे प्रश्न घ्यायला जागा नाही, जे परत परत आले तेवढे घेतोय. नावं नकोत असं काहींनी लिहिलंय म्हणून सगळ्यांचाच नुसता एरिया देतो.

सर, आम्हाला परीक्षेला 'दिग्दर्शकाची शैली' असा प्रश्न असतो. मी डॉ. जब्बार पटेल निवडले आणि फसले. 'घाशीराम कोतवाल', 'सामना', 'जैत रे जैत', 'सिंहासन', 'उंबरठा', 'एक होता विदूषक', यात कॉमन काहीच दिसत नाहीये. शैली काय लिहू?
– विद्यार्थिनी, धरमपेठ

फसली नाहीस, बरोबर जागी आलीस. काही दिग्दर्शकांचं कसं असतं, एक फ्रेम बघितली की सही ओळखू येते. यांचं तसं नाही. एखाद्या बाईच्या हाताला चव असते, ती पुरणही उत्तम करते आणि सावजी रस्साही, पण पुरणात गरम मसाला टाकत नाही ना, तसं.

आधी मी पण असंच सांगायचो की बाबा हे लेखक बदलतात म्हणून काम बदलतं. गो. नी. दांडेकरांची कादंबरी घेतली की डोंगरात जातात, अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' घेतल्या की मंत्रालयात, पु. लं. बरोबर बसले की तमाशाच्या फडात. ऐकायला छान वाटतं पण अर्धवट आहे, कारण 'घाशीराम' तेंडुलकरांचं, 'सामना' तेंडुलकरांचा, आणि 'सिंहासन' न् 'उंबरठा' या दोन्हींची पटकथाही तेंडुलकरांचीच. एकच लेखक, आणि चार कामं चार दिशांना! एकात चाळीसेक माणसं असल्यासारखा रंगमंच भरून नाच-गाणं, एकात गावातला साखरसम्राट आणि एक दारुडा मास्तर, एकात ब्लॅक अँड व्हाइट मुंबई, एकात एका बाईचं घर सोडणं. म्हणजे लेखक बदलला की काम बदलतं हे उत्तर इथे चालत नाही.

मला स्वतःला जे दिसतं ते सांगतो, पटलं तर लिही. यांच्या गोष्टीत बहुतेक वेळा एक बघणारा माणूस असतो. जो त्या खेळातला नाही, पण बाजूला उभा आहे आणि आता नजर वळवू शकत नाही. 'सामना'तला मास्तर (डॉ. लागू) बाहेरून गावात येतो, हिंदुराव धोंडे-पाटलाच्या (निळू फुले) दारातच राहतो, त्याचंच खातो-पितो आणि तरी विचारत सुटतो की मारुती कांबळेचं काय झालं. 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस पत्रकार आहे, त्याला सगळ्यांच्या सगळ्या गोष्टी माहीत आहेत आणि त्या माहितीचं तो काहीही करू शकत नाही, शेवटी रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. 'उंबरठा'तली सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक होऊन जाते आणि तिथे जे बघते त्यानंतर तिला आपलं जुनं घर परत मिळत नाही. आणि गंमत बघ, दिगूच्या डोळ्यांसमोर जे चाललंय ते थांबत नाही. दिगू तर निळू फुलेच, म्हणजे ज्या नटाने 'सामना'त सत्ता केली त्यालाच चार वर्षांनी सत्तेच्या दारात पेन घेऊन उभं केलं. ही निवड मला तरी कुठल्याही कॅमेरा अँगलपेक्षा मोठी वाटते.

'जैत रे जैत' यात बसत नाही. नाग्या काही बघत बसणारा नाही, तो थेट लिंगोबाच्या कड्यावर चढतो राणीमाशीशी वैर घेऊन. तिथे माझी थिअरी आपटते. तू पेपरात तेही लिही, तपासणाऱ्याला बरं वाटेल.

'घाशीराम'मध्ये ती माणसांची भिंत असते म्हणे. आमच्या ग्रुपला बसवायचं आहे, भिंतीत माणसं किती घ्यावी? आणि हे नाटक पहिल्यांदा झालं कधी?
– हौशी नाट्यमंडळ, महाल

झालं १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात, भरत नाट्य मंदिरात, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनतर्फे. १९ प्रयोग झाले आणि संस्थेने ते थांबवलं, कारण नाना फडणवीसांचं चित्रण आणि पुण्याच्या ब्राह्मणांचं चित्रण यावरून जे वादळ उठलं ते झेपेना. मग नाटक करणाऱ्या पोरांनीच संस्थेतून बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकादमी काढली आणि नाटक परत उभं केलं. १९८० मध्ये ते युरोपला पण गेलं, त्याही वेळी इथे भांडणं झालीच. संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. नाना मोहन आगाशे, घाशीराम रमेश टिळेकर.

आता भिंत. आकडा मला विचारू नका, तुमच्या स्टेजच्या रुंदीला विचारा. पण एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्याच शहरात एका कॉलेजच्या पोरांनी स्पर्धेत यातला एक तुकडा केला होता, मी मागे तिसऱ्या रांगेत. भिंत छान डोलत होती, आवाज खणखणीत, धोतरं पण सगळ्यांची नीट. पण पोरांनी भिंतीला नुसता पडदा समजून टाकलं होतं. म्हणजे सीन बदलायचा असला की भिंत पुढे, झाला की भिंत मागे. आणि मधेच एकाला शिंक आली, अख्खी रांग हसली, परीक्षकही हसले, तिथेच सगळं बसलं.

मूळ डिझाइनमध्ये भिंत म्हणजे शहर आहे. तेच लोक कीर्तन करतात, तेच भजन म्हणतात, तेच मागे काहीतरी घाण चाललेलं असताना पाठ फिरवून डोलत राहतात. प्रेक्षकाला मागचं दिसत नाही आणि काय चाललंय ते बरोबर कळतं. दशावतार, खेळे, कीर्तन, लावणी यांचे तुकडे तेंडुलकरांनी आणि पटेलांनी घेतले ते नटवायला नाही घेतले, लोककलेत सगळ्यांनी मिळून गाणं म्हणजे गंमत असते आणि इथे सगळ्यांनी मिळून गाणं म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण. म्हणून भिंतीतल्या प्रत्येक पोराला विचारा की तू आत्ता काय बघायचं टाळतोयस. ते जमलं तर आठ जणांची भिंतही पुरते.

आणि प्रयोगाच्या परवानगीचं, मानधनाचं वगैरे आधी नीट बघा, नंतर माझ्याकडे येऊ नका.

जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ होते हे खरं का? त्याचा कामावर काय परिणाम झाला?
– वाचक, मनीषनगर

खरं आहे. पुण्यात शिकले, दौंडला प्रॅक्टिस केली. परिणामाचं म्हणाल तर 'डॉक्टर असल्यामुळे समाजाची नाडी ओळखली' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता मलाच ताप येतो. मोहन आगाशे पण मानसोपचारतज्ज्ञ, लागूही डॉक्टर. त्या काळात मराठी नाटकाला डॉक्टरांनी जगवलं एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

सुरेश भटांची गाणी जब्बार पटेलांच्या सिनेमात आहेत, पण आपले नागपूरवाले त्याबद्दल बोलतच नाही. काहून?
– रेशीमबागेतून, सभागृहाच्या मागच्या गल्लीतला एक

भाऊ, तुमच्या घरामागच्या सभागृहाला भटांचंच नाव आहे, आपण पाटी वाचतो आणि आत लग्नाचं रिसेप्शन आहे का विचारतो, ही आपली तऱ्हा. भट अमरावतीचे, शेवटची वर्षं नागपुरात, १४ मार्च २००३ ला इथेच गेले.

'सिंहासन' (१९७९) मध्ये 'उष:काल होता होता काळरात्र झाली' आणि 'उंबरठा' (१९८२) मध्ये 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' आणि 'गंजल्या ओठास माझ्या'. चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. आता यात दिग्दर्शकाचं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगतो ना. 'सुन्या सुन्या' ही तशी प्रेमाची गझल, रेडिओवर ऐकली तर विरहाचं गाणं वाटतं. ती त्यांनी दिली कोणाला तर घर सोडून नोकरीवर निघालेल्या बाईला. लताबाईंचा आवाज आणि स्मिता पाटीलचा चेहरा, आणि तुम्ही बघताय की ही बाई नवऱ्याला मिस करतेय की स्वतःला शोधतेय ते तिलाही ठाऊक नाही. गझलेचा अर्थ बदलला नाही, तिला फक्त दुसऱ्या उंबरठ्यावर नेऊन ठेवलं. 'उष:काल'चं उलट, ती आधीपासूनच रागाची कविता, तिथे काही करायची गरजच नव्हती.

बाय द वे, आपल्याकडे डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की मी दरवर्षी एकदा 'सिंहासन' बघतो. सिव्हिल लाइन्सला गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात, पोलीस पब्लिकला फिरवून फिरवून पाठवतात, आणि घरी टीव्हीत अरुण सरनाईक मुख्यमंत्री असतात. चाळीसच्या वर वर्षं झाली. फोन बदलले, गाड्या बदलल्या, बाकी बघा तुम्हीच.

बाबासाहेबांवरचा सिनेमा इंग्रजीत का केला? आणि मराठी नट का घेतला नाही? आमच्या वडिलांना याचा शेवटपर्यंत राग होता.
– उत्तर नागपूर

वडिलांचा राग मी समजू शकतो, माझ्या मित्राच्या घरीही हाच वाद झालाय, जेवण थांबवून. पण दोन गोष्टी बघा. हा सिनेमा केंद्र सरकार आणि महाराष्ट्र सरकारच्या पैशातून, एनएफडीसीमार्फत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) झालेला, २००० साली आला, आणि तो फक्त आपल्यासाठी करायचा नव्हता. कोलंबिया, लंडन, गोलमेज परिषद हा बाबासाहेबांच्या आयुष्याचा मोठा भाग इंग्रजीतच घडलाय, तो मराठीत बोलवला असता तर तेही खोटंच वाटलं असतं की नाही? बाबासाहेबांची भूमिका करणाऱ्या मल्याळी नटाला, मामुट्टींना, त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमाला इंग्रजीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि नितीन देसाईंना कलादिग्दर्शनाचाही मिळाला. पटकथेत सूनी तारापोरवाला, अरुण साधू आणि दलित साहित्यिक दया पवार. दया पवारांचं नाव वडिलांना सांगायला हवं होतं असं वाटतं.

माझी तक्रार वेगळी आहे. तीन तासांच्या आसपासचा सिनेमा, त्यात महाड, काळाराम, पुणे करार, घटना, सगळं घ्यायचं म्हणजे एकेका प्रसंगाला थांबायला जागाच राहत नाही. 'सामना'त ज्या माणसाने एका प्रश्नावर अख्खा सिनेमा उभा केला त्याला इथे इतिहासाच्या मागे धावावं लागलंय. पण शेवटी १४ ऑक्टोबर १९५६ येतो, आपलं नागपूर येतं, आणि तिथे मी रिमोट खाली ठेवतो. दीक्षाभूमीजवळ लहानाचा मोठा झालेला माणूस त्या सीनला समीक्षा करू शकत नाही, सॉरी.

लक्ष्याला त्यांनी रडवलं म्हणून आमच्या घरी 'एक होता विदूषक' कोणी पूर्ण बघितला नाही. बघावा का?
– गृहिणी, सक्करदरा

बघा ताई, अवश्य. १९९२ चा आहे. पु. लं.नी लिहिलाय, गाणी महानोरांची, संगीत आनंद मोडक. लोकांना लक्ष्या हवा होता आणि पडद्यावर लक्ष्मीकांत बेर्डे आला, तिथेच गोंधळ झाला. सोंगाड्या आबूराव तमाशातून सिनेमात जातो, तिथून राजकारणात ओढला जातो, सगळ्या महाराष्ट्राला हसवतो आणि स्वतःच्या मुलीला हसवता येत नाही. तुम्ही 'लक्ष्याला रडवलं' म्हणालात, मला वाटतं बेर्डेंना इतक्या वर्षांत कोणीतरी पहिल्यांदा 'तू थांब, नुसता बघ' असं म्हटलं. (धरमपेठवाल्या मुली, ऐकतेयस ना, हाही बघणाराच निघाला.)

याच्या आधी १९७८ मध्ये पु. लं. बरोबर त्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' केला होता, जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरून, त्यात नंदू भेंडेंचं रॉक गाणं आणि लावणी एकाच स्टेजवर. म्हणजे हा तमाशा त्यांच्या डोक्यात बरीच वर्षं होता.

माझा भाचा यंदा बारावी झाला, मराठी सिनेमा म्हटलं की नाक मुरडतो. कुठून सुरू करू?
– मामा, त्रिमूर्तीनगर

'सामना'पासून. १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता हे सांगू नका, पोरं असं सांगितलं की अजून बिचकतात. नुसतं रात्री जेवण झाल्यावर लावा आणि तुम्ही शेजारी बसू नका. मारुती कांबळेचं नाव पहिल्यांदा आलं की तो फोन खाली ठेवतो का तेवढं दारातून बघा. ठेवला तर दुसऱ्या दिवशी 'सिंहासन'. नाही ठेवला तर 'जैत रे जैत', पण तो मोबाईलवर बिलकुल नाही, चांगले स्पीकर असलेल्या कोणाकडे तरी घेऊन जा, ते ढोल मोबाईलच्या स्पीकरवर डबा वाजवल्यासारखे ऐकू येतात. 'उंबरठा' आत्ता नको. तो त्याचं लग्न झाल्यावर सुनेसोबत बसून बघू दे.

(मागच्या अंकात पटेलांच्याच 'मुक्ता' सिनेमाचं साल माझ्याकडून चुकीचं छापलं गेलं, तो १९९४ चा आहे. चूक माझीच, कंपोझिंगवाल्याची नाही, तो कालपासून माझ्याशी बोलत नाहीये.)